चढाई करावी की दार राखावे?

टीव्हीवर फुटबॉलचा मोठा सामना चालू असला की घरात एक वाद हमखास रंगतो. एक संघ चेंडू घेऊन सारखा पुढे धावत असतो. दुसरा संघ आपल्या गोलसमोर नऊ-दहा माणसे उभी करून चेंडू अडवीत राहतो. घरातला तरुण मुलगा चिडून म्हणतो, "हे काय खेळणे झाले? नुसते दारात उभे राहायचे!" दिवसभर कारखान्यात राबून आलेले वडील म्हणतात, "अरे, समोरचा संघ यांच्यापेक्षा ताकदवान आहे. उघड्यावर गेले तर चार-पाच गोल खातील. त्यांनी करावे तरी काय?" आणि भाकऱ्या आटोपून बाहेर आलेली आई विचारते, "पण असे नुसते अडवून कधी कोणी जिंकले आहे का?"

वाचकहो, तिघांचेही बोलणे बिनबुडाचे नाही. हाच वाद जगभरचे प्रशिक्षक, पत्रकार आणि प्रेक्षक गेली शंभर वर्षे घालीत आले आहेत. चढाईचा खेळ म्हणजे शूरांचा आणि बचावाचा खेळ म्हणजे भित्र्यांचा, असे आपण सहज बोलून जातो. परंतु या खेळाचा इतिहास पाहिला तर गोष्ट इतकी सोपी राहात नाही. बचावाची पद्धत कोणी शोधली, का शोधली आणि पुढे ती कोणाच्या हाती गेली, हे समजून घेतले की सामना पाहण्याची आपली नजरच बदलते.

एका नियमाने केलेला बदल

सुरुवातीच्या काळात फुटबॉल हा जवळजवळ सगळा चढाईचाच खेळ होता. संघात पाच-पाच आघाडीपटू असत आणि मागे दोन बचावपटू. पुढे १९२५ साली ऑफसाईडचा नियम बदलला. त्याआधी पास मिळताना आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्ध्यांचे निदान तीन खेळाडू असावे लागत. नव्या नियमाने ती संख्या दोनवर आली. आघाडीपटूंना एकदम मोकळीक मिळाली. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२४-२५ च्या मोसमात १,८४८ सामन्यांत ४,७०० गोल झाले होते. पुढच्याच मोसमात तेवढ्याच सामन्यांत ६,३७३ गोल झाले!

गोलांचा असा पाऊस पडू लागल्यावर छत्री शोधणे आलेच. लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मैदानाच्या मध्यभागी खेळणारा एक खेळाडू मागे ओढला आणि दोन बचावपटूंच्या मध्ये तिसरा उभा केला. लोक आर्सेनलला बचावाचा संघ म्हणू लागले. पण गंमत अशी, की याच आर्सेनलने १९३०-३१ च्या मोसमात ४२ सामन्यांत १२७ गोल केले आणि विजेतेपद मिळविले. मागचे दार नीट लावलेले असल्यामुळे पुढे जाणाऱ्यांना मागची काळजी उरली नव्हती. चेंडू अडविला की तो झटकन पुढे पाठवायचा आणि प्रतिस्पर्धी सावरण्याआधी गोल करायचा, ही त्यांची रीत. चढाई आणि बचाव या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत, हा धडा खेळाला इतक्या लवकर मिळाला होता.

दुबळ्यांची कडी

खरी बचावाची पद्धत जन्मली ती स्वित्झर्लंडमध्ये. कार्ल राप्पान हे मूळचे ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक. १९३० नंतरच्या दशकात ते स्विस संघांना शिकवीत होते. स्विस खेळाडू बहुतेक अर्धवेळ खेळणारे. दिवसा पोटापाण्याचे काम करायचे आणि उरलेल्या वेळात सराव करायचा. मोठ्या देशांचे व्यावसायिक खेळाडू पळण्यात आणि ताकदीत त्यांच्या पुढे. समोरासमोर झुंज दिली तर हार ठरलेलीच.

राप्पान यांनी विचार केला, की एकास एक झुंजीत आपला माणूस हरणार असेल तर त्याच्या मागे आणखी एक माणूस उभा असला पाहिजे. पहिला चुकला तरी दुसरा सावरून घेईल. म्हणून त्यांनी बचावफळीच्याही मागे एक मोकळा खेळाडू ठेवला. या रचनेला फ्रेंच भाषेत 'व्हेरू' असे नाव पडले. व्हेरू म्हणजे दाराची कडी.

१९३८ सालच्या विश्वचषकात स्वित्झर्लंडची गाठ जर्मनीशी पडली. हिटलरच्या राजवटीने त्याच वर्षी ऑस्ट्रिया गिळला होता आणि तिथले नामवंत खेळाडू जर्मन संघात घातले होते. पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला. ९ जून रोजी पॅरिसमध्ये तो पुन्हा खेळविला गेला. जर्मनीने आधी दोन गोलांची आघाडी घेतली. पण स्विस संघ मोडला नाही. त्यांनी चार गोल केले आणि ४-२ असा विजय मिळविला. कडी लावून बसलेले लोक केवळ दार धरून बसले नव्हते, संधी मिळताच दार उघडून बाहेरही आले होते.

हीच युक्ती पुढे इटलीत रुजली. तिथे तिला 'कातेनाच्चो' म्हणतात. त्याचाही अर्थ कडी किंवा अडसर असाच. त्रिएस्त या सीमेवरच्या शहराचा त्रिएस्तिना हा छोटा संघ १९४६-४७ च्या मोसमात इटालियन लीगमध्ये अगदी शेवटच्या क्रमांकावर होता. त्यानंतर त्याच शहरात वाढलेले नेरेओ रोक्को प्रशिक्षक झाले. त्यांनी बचावामागे मोकळा खेळाडू ठेवला, आणि १९४७-४८ मध्ये हाच संघ संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर आला! खेळाडू विकत घ्यायला पैसा नव्हता. होती ती फक्त नीट बसविलेली रचना आणि एकमेकांवरचा विश्वास.

जियानी ब्रेरा हे इटलीचे नावाजलेले क्रीडा पत्रकार या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांचे म्हणणे असे, की इटालियन माणूस पिढ्यान्‌पिढ्या उपासमारीत वाढला. धिप्पाड उत्तरेकडच्यांशी त्याने ताकदीने झगडू नये, डोक्याने खेळावे. हे म्हणणे सर्वांनाच पटले नाही. तरीही या पद्धतीकडे गरिबाचे हत्यार म्हणून पाहिले जात होते, एवढे यावरून दिसते.

हत्यार श्रीमंतांच्या हाती

पण हत्यार कोणाच्याही हाती जाऊ शकते. १९६० नंतर कातेनाच्चो गाजविला तो मिलान शहराच्या इंटर संघाने. हा संघ गरीब नव्हता. तेलाच्या धंद्यात गडगंज झालेले आंजेलो मोराती त्याचे अध्यक्ष होते आणि प्रशिक्षक होते हेलेनियो हेरेरा. हेरेरांनी आर्मान्दो पिकी याला सर्वांच्या मागे मोकळा ठेवला. एक गोल झाला, की दाराला कडी. १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे इंटरने युरोपियन चषक जिंकला.

हेरेरांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचा डावा बचावपटू जियाचिंतो फाकेत्ती हा संधी मिळताच थेट समोरच्या गोलपर्यंत धावत जाई आणि गोलही करी. आपली नक्कल करणाऱ्यांनी कडी घेतली, फाकेत्ती मात्र घेतला नाही, अशी हेरेरांची तक्रार असे. त्यांची तक्रार खोटी नव्हती. तरीही निष्णात खेळाडूंचा संघ एका गोलानंतर खेळ थांबवून बसू लागला, की प्रेक्षकांच्या कपाळाला आठ्या पडत. दुबळ्याने कडी लावली तर ती त्याची गरज असते. ज्याच्या घरात सर्व काही आहे त्याने ती लावली, की सामना मरून जातो.

लिस्बनची दुपार

२५ मे १९६७. पोर्तुगालच्या लिस्बन शहरात युरोपियन चषकाचा अंतिम सामना. एकीकडे हेरेरांचा इंटर, दुसरीकडे स्कॉटलंडच्या ग्लासगो शहराचा सेल्टिक.

सेल्टिकची कुळकथा आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. आयर्लंडमधून उपाशीपोटी ग्लासगोला आलेल्या लोकांच्या वस्तीत, पूर्व भागात, १८८७ साली हा क्लब स्थापन झाला. स्थापना करणाऱ्यांचा हेतू होता, सामन्यांच्या पैशातून गरीब मुलांच्या जेवणाची सोय करणे. १९६७ चे प्रशिक्षक जॉक स्टीन हे तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले. अंतिम सामन्यात खेळलेले अकराच्या अकरा खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. दूरदेशचा एकही तारा नाही!

म्हणजे या सामन्यात गरिबांचा संघ चढाई करणार होता आणि श्रीमंतांचा संघ दार राखणार होता.

सातव्याच मिनिटाला इंटरला पेनल्टी मिळाली. सांद्रो मात्झोलाने गोल केला आणि इंटर मागे सरकला. पुढचा जवळजवळ सगळा सामना त्यांच्या गोलसमोरच झाला. सेल्टिकचा चेंडू दोन वेळा आडव्या दांडीवर आदळला. इंटरचा गोलरक्षक जुलियानो सार्ती याने एकामागून एक फटके अडविले. मध्यंतराला इंटर १-० असा पुढे होता.

आता स्टीनच्या संघाने काय केले ते पाहा. इंटरची माणसे मागे गेली होती, म्हणून सेल्टिकच्या बचावपटूंना राखायला समोर कोणीच उरले नव्हते. मग बचावपटूंनी मागे रिकामे का उभे राहावे? त्रेसष्टाव्या मिनिटाला उजवा बचावपटू जिम क्रेग चेंडू घेऊन पुढे आला. त्याने आत पास दिला आणि धावत आलेल्या डाव्या बचावपटूने, टॉमी गेमेलने, दुरून सणसणीत फटका मारून गोल केला. दोन्ही बाजूंचे बचावपटू एकाच वेळी चढाईत! सामना संपायला थोडी मिनिटे उरली असताना स्टीव्ह चाल्मर्सने दुसरा गोल केला. सेल्टिक २-१ असा विजयी झाला. युरोपियन चषक जिंकणारा तो ब्रिटनमधला पहिला संघ.

लुईस सुआरेझ हा इंटरचा महत्त्वाचा खेळाडू दुखापतीमुळे त्या दिवशी खेळू शकला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. पण त्यानंतर आठवडाभरातच छोट्या मांतोव्हाकडून ०-१ अशी हार खाऊन इंटरने इटलीचे विजेतेपदही घालविले. पुढे १९७२ च्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या आयाक्सने इंटरला २-० असे हरविले. दोन्ही गोल योहान क्रायफचे. आयाक्सच्या खेळात बचावपटू पुढे जाई तेव्हा आघाडीपटू त्याची जागा सांभाळी. सर्वांनी सर्व कामे करायची, अशी ती रीत होती. कडीचा काळ संपला, असे तेव्हा बरेच जण म्हणू लागले.

ब्राझील का हरला?

पण तो संपला नव्हता. ५ जुलै १९८२ रोजी स्पेनमधील बार्सिलोना शहरातल्या सारिया मैदानावर ब्राझील आणि इटली समोरासमोर आले. चढाई श्रेष्ठ की बचाव, हा वाद निघाला की जाणते लोक आजही याच सामन्याचे नाव घेतात.

ब्राझीलचा तो संघ म्हणजे डोळ्यांचे पारणे फेडणारा. झिको, फाल्काव, सेरेझो आणि कर्णधार सॉक्रेटिस. हा सॉक्रेटिस वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर होता. पहिल्या चार सामन्यांत ब्राझीलने १३ गोल केले होते. इटलीने पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडविले होते आणि मिळून फक्त दोन गोल केले होते. त्यांचा पाओलो रॉसी सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतला होता. चार सामन्यांत त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. उपांत्य फेरी गाठायला ब्राझीलला बरोबरीही पुरे होती. इटलीला जिंकणे भाग होते.

पाचव्या मिनिटाला रॉसीने हेडरने गोल केला. बाराव्या मिनिटाला सॉक्रेटिसने बरोबरी साधली. पंचविसाव्या मिनिटाला ब्राझीलच्या मागच्या भागात सेरेझोने निष्काळजीपणे आडवा पास दिला. तो रॉसीने पळविला आणि २-१ केले. मध्यंतरानंतर, अडुसष्टाव्या मिनिटाला, फाल्कावने डाव्या पायाने अप्रतिम गोल करून पुन्हा बरोबरी केली. आता ब्राझीलला फक्त बावीस मिनिटे बरोबरी राखायची होती.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला इटलीला कॉर्नर मिळाला. चेंडू नीट बाहेर काढला गेला नाही. तार्देलीने फटका मारला आणि वाटेत उभ्या असलेल्या रॉसीने त्याला दिशा देऊन तिसरा गोल केला. गोलखांबाजवळ उभा राहिलेला ज्युनियर पुढे सरकला नव्हता, म्हणून रॉसी ऑफसाईड ठरला नाही. शेवटच्या क्षणी ब्राझीलचा ऑस्कर याचा हेडर चाळीस वर्षांच्या दिनो झॉफने गोलरेषेवर धरला. इटली ३-२ असा जिंकला. पुढे ११ जुलैला पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवून विश्वविजेताही झाला आणि रॉसी सहा गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला.

लोक म्हणतात, ब्राझील चढाईच्या नादात हरला. हे अर्धेच खरे आहे. तिसऱ्या गोलच्या वेळी ब्राझीलचे बहुतेक खेळाडू आपल्याच गोलसमोर होते. माणसे कमी नव्हती, कोणी कोणाला राखायचे याची सवय कमी होती. बचाव म्हणजे नुसती गर्दी नव्हे, तेही शिकावे लागणारे काम आहे. दुसरीकडे, इटली बचावाच्या जोरावर जिंकला हेही अर्धेच खरे. क्लॉदिओ जेंतिलेने झिकोला इतके घट्ट धरून ठेवले की त्याचा सदराही फाटला. पण त्याच इटलीने त्या दिवशी जगातल्या सर्वांत आक्रमक संघाला तीन गोल मारले. चौथाही झाला होता, पण तो ऑफसाईड म्हणून रद्द केला गेला.

नियमांनी बाजू घेतली

यशाची नक्कल होतेच. १९९० च्या विश्वचषकात संघ इतके सावध झाले की ५२ सामन्यांत फक्त ११५ गोल झाले. अर्जेंटिना सात सामन्यांत अवघे पाच गोल करून अंतिम फेरीपर्यंत गेला. आघाडी मिळाली की गोलरक्षकाकडे चेंडू मागे द्यायचा, त्याने तो हातात धरायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा धरायचा! वेळ काढण्याचा हा प्रकार प्रेक्षकांना असह्य झाला.

शेवटी नियमांनाच हात घालावा लागला. १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने धरण्यास बंदी झाली. विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ पासून होती, ती १९९४ च्या विश्वचषकातही आली. त्या स्पर्धेत तेवढ्याच ५२ सामन्यांत १४१ गोल झाले. म्हणजे बचाव करण्याचा हक्क राहिला, खेळ बंद पाडण्याची सोय मात्र गेली. आमच्या मते ही वाटणी न्याय्य झाली.

दुबळ्यांनी पुन्हा उचललेले हत्यार

आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ग्रीसने दिले. २००४ च्या युरोपियन स्पर्धेपूर्वी ग्रीसने कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकही सामना जिंकला नव्हता. १९९४ च्या विश्वचषकात तर त्यांनी तीन सामन्यांत दहा गोल खाल्ले होते आणि एकही केला नव्हता. जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागेल यांनी या संघाला एकेक प्रतिस्पर्धी घट्ट राखायला शिकविले. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सवर १-०, उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताकावर १-०, आणि ४ जुलैला अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगालवर १-०. तिन्ही गोल हेडरने झालेले. पुष्कळांनी नाके मुरडली. पण त्यांच्याकडे झिको नव्हता. जे होते त्यात त्यांनी युरोप जिंकला.

२०१० मध्ये इंटरची पाळी पुन्हा आली. उपांत्य फेरीचा पहिला सामना त्यांनी बार्सिलोनाविरुद्ध चढाई करून ३-१ असा जिंकला होता. २८ एप्रिलला परतीच्या सामन्यात त्यांचा थियागो मोटा अठ्ठाविसाव्या मिनिटालाच लाल कार्ड मिळून बाहेर गेला. उरलेल्या दहा जणांनी तासाभराहून अधिक वेळ दार राखले आणि फक्त एक गोल दिला. त्या सामन्यात सॅम्युअल एटो हा जगातला अव्वल आघाडीपटू बचावपटूसारखा मागे खेळला. गोल करण्यात ज्याचे नाव, त्याने संघासाठी दार राखायचे काम पत्करले आणि तक्रार केली नाही. इंटरने त्या वर्षी चषकही जिंकला.

आणि २०२२ चा मोरोक्को! कतारच्या विश्वचषकात उपांत्य फेरीपूर्वीच्या पाच सामन्यांत या संघाने एकच गोल खाल्ला, तोही कॅनडाविरुद्ध स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. ६ डिसेंबरला स्पेनने त्यांच्याविरुद्ध हजारावर पास दिले. एकशे वीस मिनिटांत गोल मात्र झाला नाही. पेनल्टीत गोलरक्षक यासिन बुनूने दोन फटके अडविले, एक गोलखांबाला लागला. निर्णायक पेनल्टी घ्यायला आला अश्रफ हकीमी. त्याचा जन्म स्पेनच्याच माद्रिद शहरातला. आई लोकांच्या घरी साफसफाई करीत असे आणि वडील रस्त्यावर फेरीचा धंदा, हे त्याने स्वतःच अभिमानाने सांगितले आहे. त्याने चेंडू हलकेच मधोमध उचलून जाळ्यात टाकला. चार दिवसांनी मोरोक्कोने पोर्तुगालला १-० असे हरविले आणि विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाणारा तो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. सामन्यानंतर खेळाडू प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या आयांकडे धावले, ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले.

उपांत्य सामन्यात मात्र या पद्धतीची मर्यादाही दिसली. फ्रान्सने पाचव्याच मिनिटाला गोल केला. दार राखून भागण्यासारखे राहिले नाही, मोरोक्कोला पुढे जावे लागले. चेंडू अधिक वेळ त्यांच्याकडेच होता आणि ते धैर्याने खेळले. पण फ्रान्सने दुसरा गोल केला आणि सामना २-० असा संपला. आधी गोल बसला की कडीचा उपयोग उरत नाही. म्हणून केवळ बचावावर उभ्या असलेल्या संघालाही चढाई शिकून ठेवावीच लागते.

मग कोण बरोबर?

आता घरातल्या वादाकडे परत येऊ. वडिलांचे म्हणणे खरे, की दुबळ्या संघाला दार राखण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्यात लाज नाही. स्विस संघ, त्रिएस्तिना, ग्रीस, मोरोक्को यांनी आपली ताकद प्रामाणिकपणे ओळखली आणि मोठमोठ्यांना घरी पाठविले. मुलाचे म्हणणेही खरे, की अंगात बळ असताना नुसते दार धरून बसणे हा खेळाचा अपमान आहे. आणि साधन कमी म्हणजे बचावच केला पाहिजे असेही नाही, हे ग्लासगोच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी लिस्बनला दाखवून दिले.

चढाई हाही काही वेळा बचावच असतो, हे विसरू नये. २०१० मध्ये स्पेनने विश्वचषक जिंकला तो सात सामन्यांत केवळ आठ गोल करून आणि दोनच गोल खाऊन. बाद फेरीतले चारही सामने १-० असे. चेंडू आपल्याच पायाशी ठेवला, की समोरचा गोल करणार कसा? त्याच स्पर्धेत स्पेनला हरविणारा एकच संघ निघाला, तो राप्पान यांचा स्वित्झर्लंड. बचाव करून १-०!

पुढच्या वेळी सामना पाहताना एक करून पाहा. दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नका. बचाव करणाऱ्या संघातला एक खेळाडू निवडा आणि त्याच्याकडेच पाहा. तो कधी पुढे सरकतो, कधी सहकाऱ्याला हाक देऊन जागा बदलतो, शेजारचा चुकला की कसा धावून जातो, ते लहान मुलांना दाखवा. तसेच, चेंडू हिसकावल्यानंतर त्या संघाचे किती जण पुढे धावतात ते मोजा. पाच-सहा जण धावले तर तो संघ संधीची वाट पाहात होता असे समजा. कोणीच हलले नाही तर मुलाचा राग योग्य आहे.

आणि तुमची मुले-मुली वस्तीच्या मैदानावर खेळत असतील तर त्यांना लहानपणी एकाच जागी बांधून ठेवू नका. एक दिवस पुढे खेळू द्या, एक दिवस मागे. गोल करणाऱ्याचे नाव सारेच घेतात. घरी आल्यावर मुलाला "किती गोल मारलेस?" एवढेच न विचारता "किती वाचविलेस?" हेही विचारा.